विशाखा समितीमागचे न्यायमूर्ती: जे. एस. वर्मा यांची कारकीर्द समजून घेताना

माझी मावसबहीण सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. तिच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक पाटी आहे: 'विशाखा समिती'. खाली चार नावं आणि मोबाइल नंबर. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ही समिती ऐकते. मागे एकदा मी तिला विचारलं, ही विशाखा कोण गं? ती म्हणाली, "असेल कुणीतरी बिचारी. तिच्यावर अन्याय झाला असेल, म्हणून तिचं नाव दिलं असणार." पुढे हेच उत्तर मला एका बँकेत मिळालं आणि एका पंचायत समितीतही.

विशाखा ही कुणी बाई नाही. ते जयपूरमधल्या एका महिला संस्थेचं नाव आहे. जिच्यावर अन्याय झाला ती भंवरीदेवी. आणि ज्या निकालामुळे ही पाटी साताऱ्यातल्या शाळेपर्यंत पोचली, तो लिहिला न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांनी. भारताचे २७वे सरन्यायाधीश, नंतर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या समितीचे प्रमुख. 'वर्मा समिती' हे नाव अनेकांना आठवतं. त्यामागचा माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो.

त्यांचे निकाल वाचताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येताना दिसतो. राज्यघटनेनं माणसाला हक्क दिला, ठीक. पण तो कुणी पायदळी तुडवला, तर त्या माणसानं जायचं कुठे? कुणाचं दार ठोठवायचं? आणि दार उघडलंच, तर आत त्याच्या हातात नेमकं काय पडणार? हा धागा धरला की त्यांची चाळीस वर्षांची कारकीर्द समजायला सोपी जाते.

दारच बंद झालं तेव्हा

वर्मांचा जन्म १८ जानेवारी १९३३चा, मध्य प्रदेशातल्या सतन्याचा. शिक्षण अलाहाबाद विद्यापीठात. काही वर्षं वकिली करून १९७२ साली, चाळिशीच्या आतच, ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. तीन वर्षांत आणीबाणी आली.

आणीबाणीत हजारो लोकांना 'मिसा' या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली स्थानबद्ध केलं गेलं. महाराष्ट्रात आजही 'मिसाबंदी' हा शब्द घरोघर माहीत आहे. अशा वेळी नातेवाइकांच्या हातात एक जुना आणि साधा उपाय असतो: हेबियस कॉर्पस. न्यायालयानं सरकारला म्हणायचं, तुम्ही धरलेला माणूस आमच्यासमोर हजर करा आणि कोणत्या कायद्यानं धरलात ते सांगा. सांगता आलं नाही, तर सोडा. सरकारचं म्हणणं असं की आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुच्छेद २१साठी न्यायालयात जाण्याचा हक्कच स्थगित झाला आहे. अनुच्छेद २१ म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. म्हणजे धरलं बरोबर की चूक, हे न्यायालयानं विचारायचंच नाही.

देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी हे मान्य केलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ त्यात होतं, मध्य प्रदेशही होतं. वर्मा त्या काळात स्थानबद्धांच्या बाजूनं निकाल देणाऱ्या न्यायाधीशांपैकी एक. त्यांची भूमिका अशी की ज्या 'मिसा'च्या आधारे माणूस धरला, त्या कायद्याच्या अटी तरी पाळल्या का, एवढं पाहण्याचा अधिकार न्यायालयाकडे राहतोच.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ला, असं त्या खटल्याचं नाव, म्हणून तो 'एडीएम जबलपूर' म्हणून ओळखला जातो. स्थानबद्धांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये सासवडचे वि. म. तारकुंडे होते, जे स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारच्या वकिलांना विचारलं: एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तरी उपाय नाही? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं मान्य केलं. एकटे खन्ना विरोधात राहिले आणि पुढे त्यांचं सरन्यायाधीशपद डावललं गेलं. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या निकालात त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी तो जुना निकाल साफ चुकीचा ठरवला.

हक्क असतो पण त्यासाठी दाद मागायचं दार बंद होतं, म्हणजे काय, हे एका तरुण न्यायाधीशानं असं पाहिलं. त्याच काळात सरकारनं उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्याही केल्या. वर्मांनी पुढे लिहिलेल्या अनेक निकालांचं मूळ मी याच दोन वर्षांत शोधतो.

दीड लाख रुपयांचा अर्थ

पुढे वर्मा मध्य प्रदेशचे आणि मग राजस्थानचे मुख्य न्यायाधीश झाले आणि जून १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले. तिथल्या त्यांच्या निकालांपैकी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९९३चा नीलाबती बेहेरा निकाल. विशाखाइतका तो प्रसिद्ध नाही, पण मानवी हक्कांचा खरा पाया त्यात आहे. म्हणून इथे जरा थांबू.

ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातल्या एका आईनं सप्टेंबर १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. तिच्या २२ वर्षांच्या मुलाला १ डिसेंबर १९८७ रोजी पोलीस चौकशीसाठी घरातून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. पोलीस म्हणाले, तो चौकीतून पळाला आणि गाडीखाली आला. अंगावरच्या जखमा वेगळंच सांगत होत्या. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं, चौकशी करवली, आणि मृत्यू कोठडीतल्या मारहाणीनं झाला असा निष्कर्ष काढला.

आता अडचण अशी होती. दोषी पोलिसांवर फौजदारी खटला चालेल, पण त्यातून त्या आईला काय मिळणार? नुकसानभरपाई मागायची तर दिवाणी दावा लावायचा, आणि तिथे सरकार एक जुनं कवच पुढे करायचं: सरकार सार्वभौम आहे, सार्वभौम कामात नोकराची चूक झाली तर त्याची जबाबदारी सरकारवर नाही. हे कवच किती विचित्र होतं ते १९६५च्या कस्तुरीलाल खटल्यात दिसतं. मेरठच्या पोलिसांनी एका सराफाचं सोनं जप्त करून ठाण्यात ठेवलं. ठाण्याच्या हेड कॉन्स्टेबलनं ते लंपास केलं आणि तो पाकिस्तानात पळून गेला. सराफानं भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मिळणार नाही. जप्ती हे सार्वभौम काम.

वर्मांनी काय केलं? त्यांनी दोन वाटा वेगळ्या केल्या. सरकारच्या नोकराच्या चुकीबद्दलचा नेहमीचा दिवाणी दावा ही एक वाट. तिथे ते कवच चालत असेल तर असो. पण घटनेनं दिलेला मूलभूत हक्क खुद्द सरकारनं तुडवला, तर त्यासाठी थेट सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात येण्याची वाट घटनेनंच दिली आहे. या वाटेवर सार्वभौमत्वाचं कवच चालणारच नाही. कारण ज्या घटनेमुळे सरकार अस्तित्वात आहे, तिचाच भंग करून ते तिच्यामागे लपू शकत नाही. त्या आईला दीड लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश झाला.

याआधी १९८३च्या रुदल साह प्रकरणात, निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षं सडलेल्या माणसाला न्यायालयानं भरपाई दिली होती. तो निकाल यशवंत चंद्रचूडांचा, म्हणजे जबलपूर प्रकरणात दार बंद करणाऱ्यांपैकीच एकाचा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण असं का करता येतं, हे पक्क्या तर्कानं मांडण्याचं काम नीलाबती निकालानं केलं. आज कोठडीतल्या मृत्यूनंतर महाराष्ट्रातही उच्च न्यायालय कुटुंबाला भरपाई देतं, तेव्हा वकील याच निकालाकडे बोट दाखवतात. दीड लाखांनी मुलगा परत येत नाही. पण सरकारला एका आईसमोर चूक कबूल करून पैसे मोजावे लागले, तेही तिनं वर्षानुवर्षं दिवाणी न्यायालयात खेटे न घालता.

विशाखा: कायदा नव्हता तेव्हाचा कायदा

राजस्थान सरकारचा महिला विकास कार्यक्रम होता. त्यात गावपातळीवर काम करणाऱ्या बाईला 'साथिन' म्हणत. जयपूरजवळच्या भटेरी गावची भंवरीदेवी अशी साथिन होती. कुंभार समाजातली. १९९२ साली तिनं गावातल्या वरचढ जातीच्या एका कुटुंबातला बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. ते तिचं कामच होतं. त्याचा सूड म्हणून २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात नवऱ्यासमोर तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. नोव्हेंबर १९९५मध्ये सत्र न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं. काका-पुतणे एकत्र असं कृत्य करतील हे पटत नाही, अशा धर्तीची कारणं त्या निकालात आहेत.

फौजदारी खटला एका बाजूला. पण विशाखा आणि इतर संस्थांनी सर्वोच्च न्यायालयात वेगळाच प्रश्न नेला. ही बाई सरकारचं काम करत होती आणि कामामुळेच तिच्यावर हा प्रसंग आला. मग ज्यांनी तिला कामावर ठेवलं त्यांची काहीच जबाबदारी नाही? देशभर नोकरी करणाऱ्या बायकांना कामाच्या जागी जे सोसावं लागतं, त्यावर कायदा कुठे आहे?

कायदा नव्हताच. न्यायालयाचं काम असलेल्या कायद्याचा अर्थ लावण्याचं. नसलेला कायदा करण्याचं काम संसदेचं. १३ ऑगस्ट १९९७चा निकाल ही दरी कशी ओलांडतो, ते पाहण्यासारखं आहे. पीठावर वर्मांसोबत न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल होते. सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश.

तर्क असा: समानतेचा, सन्मानानं जगण्याचा आणि आवडीचा व्यवसाय करण्याचा हक्क घटनेत आहेच. कामाच्या जागी छळ होत असेल तर हे तिन्ही हक्क पोकळ ठरतात. भारतानं १९९३ साली स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला आहे. देशातल्या कायद्याशी विसंगत नसेल, तर हक्कांचा अर्थ लावताना अशा कराराचा आधार घेता येतो. आणि मूलभूत हक्कांचं रक्षण करणं हे सर्वोच्च न्यायालयाचं कर्तव्य आहे, तेव्हा संसद कायदा करेपर्यंतची मोकळी जागा न्यायालय मार्गदर्शक तत्त्वांनी भरेल, आणि ती कायद्यासारखीच बंधनकारक असतील. लैंगिक छळ म्हणजे काय याची व्याख्या आली. प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती हवी, तिची प्रमुख स्त्री हवी, निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य हवा. सातारच्या शाळेतली पाटी इथून आली.

न्यायालयानं असा कायदा लिहावा का, यावर टीका झाली आणि ती उथळ नाही. निवडून न आलेल्या तीन माणसांनी देशभराचा नियम ठरवायचा, हे लोकशाहीत खटकतंच. माझं मत विचाराल, तर इथे वर्मांनी संसदेची जागा घेतली नाही. संसद येईपर्यंत जागा धरून ठेवली, एवढंच. ती जागा सोळा वर्षं रिकामी राहील असं कुणाला वाटलं नव्हतं. मधल्या काळात अनेक कार्यालयांत समित्या कागदावरच होत्या. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला विशाखाची अंमलबजावणी करा, असं राज्यांना पुन्हा बजावावं लागलं.

मुंबईशी जोडलेला वादाचा निकाल

वर्मांचं कौतुक करणाऱ्या लेखांत ११ डिसेंबर १९९५चे निकाल बऱ्याचदा गाळले जातात. ते बरोबर नाही.

१९८७ साली विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी केलेली भाषणं धर्माच्या नावावर मतं मागणारी होती, म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं ती निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात वर्मांच्या पीठानं निवड रद्द करण्याचा तो निर्णय कायम ठेवला. भाषणं गैरप्रकार ठरली आणि ठाकरे यांचा मतदानाचा हक्क पुढे सहा वर्षांसाठी गेला. इथपर्यंत निकाल कडक आहे.

पण त्याच निकालात वर्मांनी लिहिलं की 'हिंदुत्व' हा शब्द नेहमीच संकुचित धार्मिक अर्थानं घ्यायला नको. तो या उपखंडातल्या लोकांची जीवनपद्धतीही दाखवू शकतो. आणि त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या खटल्यात, पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल असं म्हणणं हे स्वतःत धर्माच्या नावावर मत मागणं होत नाही, असं ठरवून त्यांची निवड वाचवली. शब्द कुठे आणि कशासाठी वापरला ते पाहा, हा वर्मांचा मुद्दा होता. लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच वाक्य, आणि प्रभूंचा पराभव विसरला गेला. न्यायाधीशानं आपलं वाक्य उद्या कोण कसं वापरेल याचाही विचार करायला हवा. इतक्या सावध माणसाकडून तो इथे झाला नाही, असं मला वाटतं. २०१६ साली सात न्यायाधीशांच्या पीठापुढे हा प्रश्न पुन्हा उघडण्याची मागणी झाली, पण पीठानं त्यात शिरायला नकार दिला.

न्यायाधीशांच्या नेमणुकांचंही तसंच. १९९३च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालात बहुमताचं लेखन वर्मांचं. त्यातून न्यायवृंद, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नेमणुका ठरवण्याचं कॉलेजियम, आलं. सोळा न्यायाधीशांच्या बदल्या आणि खन्नांना डावलणं पाहिलेल्या पिढीला नेमणुका सरकारच्या हातून काढून घ्याव्याशा वाटल्या, हे समजण्यासारखं आहे. पण बंद दाराआडच्या निवडीचे तोटे पुढे दिसले, आणि आपल्या निकालाचा चुकीचा अर्थ लावून गैरवापर झाला, असं वर्मा निवृत्तीनंतर स्वतः म्हणाले.

सरन्यायाधीश म्हणून त्यांना मिळाले जेमतेम दहा महिने: मार्च १९९७ ते जानेवारी १९९८. तेवढ्यात विशाखा झाला. न्यायाधीशांनी आपली मालमत्ता सरन्यायाधीशांना कळवावी, हा ठराव झाला. आणि डिसेंबरमध्ये विनीत नारायण निकाल आला. जैन हवाला प्रकरणात पैसे दिल्याच्या नोंदींसह नेत्यांची नावं डायरीत होती आणि तपास पुढे सरकत नव्हता. एकदा आदेश देऊन मोकळं झालं तर काहीच होणार नाही, हे ओळखून वर्मांच्या पीठानं खटला उघडाच ठेवला, तपास यंत्रणेला वारंवार बोलावून 'काय केलं ते सांगा' असं विचारत राहिलं. यालाच चालू परमादेश म्हणतात. आरोपी शेवटी पुराव्याअभावी सुटले. पण सीबीआय संचालकाला किमान दोन वर्षांची मुदत आणि केंद्रीय दक्षता आयोगाला कायद्याचा आधार, हे त्यातून मिळालं.

आदेश देणारा माणूस शिफारशी करू लागतो

नोव्हेंबर १९९९मध्ये वर्मा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष झाले. हा आयोग १९९३च्या कायद्यानं उभा राहिला, आणि त्याच्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की ते एक प्रकारचं न्यायालय आहे.

तसं नाही. आयोग साक्षीदाराला बोलावू शकतो, कागदपत्रं मागवू शकतो, तुरुंगाला भेट देऊ शकतो, कुणी तक्रार न करता स्वतःहून दखल घेऊ शकतो. चौकशीपुरते त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण चौकशी संपली की तो सरकारला शिफारस करतो: भरपाई द्या, खटला भरा. सरकारनं नाही म्हटलं तर आयोग सक्ती करू शकत नाही. घटना घडून एक वर्ष उलटलं असेल तर तो चौकशी करू शकत नाही. लष्कराबद्दल तक्रार असेल तर स्वतः तपास करता येत नाही, केंद्राकडून अहवाल मागवायचा. या साऱ्यामुळे आयोगाचे पुढचे एक अध्यक्ष न्या. एच. एल. दत्तू यांनी त्याला दात नसलेला वाघ म्हटलं होतं. आपल्याकडे मार्च २००१पासून कामाला लागलेल्या महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचीही चौकट हीच.

कायद्यात एक खिडकी मात्र आहे. आयोगाला स्वतः उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. दात आपले नाहीत, पण ज्याला आहेत त्याच्याकडे जाता येतं. ही खिडकी किती कामाची आहे ते २००२नंतर दिसलं.

गोध्राच्या रेल्वे जळिताची घटना २७ फेब्रुवारी २००२ची. १ मार्चला आयोगानं गुजरातमधल्या हिंसाचाराची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात वर्मा सहकाऱ्यांसह गुजरातला जाऊन आले आणि १ एप्रिलला आयोगानं आपली प्राथमिक निरीक्षणं जाहीर केली. लोकांचे जीव आणि मानवी हक्क वाचवण्यात राज्य सरकार मोठ्या प्रमाणावर कमी पडलं, असं त्यात नोंदवलं. गोध्रा, गुलबर्ग सोसायटी, नरोडा पाटिया, बेस्ट बेकरी आणि सरदारपुरा या पाच प्रकरणांचा तपास सीबीआयकडे द्या, अशी शिफारस केली. हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही बाजूंचे बळी असलेली प्रकरणं त्यात आहेत, हे मुद्दाम सांगतो. शिफारस मान्य झाली नाही.

जानेवारी २००३मध्ये वर्मा निवृत्त झाले. जूनमध्ये वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी खटल्यातले सगळे २१ आरोपी सुटले. मग न्या. ए. एस. आनंद यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं ती खिडकी उघडली आणि सर्वोच्च न्यायालय गाठलं. एप्रिल २००४मध्ये फेरखटल्याचा आदेश झाला, तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात. मुंबईत तो चालला आणि फेब्रुवारी २००६मध्ये नऊ जण दोषी ठरले. त्यांतल्या चौघांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयानं २०१२ साली कायम ठेवली. आयोगाच्याच याचिकेवर मार्च २००८मध्ये विशेष तपास पथकही नेमलं गेलं. वर्मांची शिफारस जिथे थांबली होती, तिथून पुढचा रस्ता न्यायालयानं काढला. फार उशिरा, फार थोड्यांसाठी, पण निघाला.

आणखी एक काम लोक विसरतात. २०००मध्ये दहशतवाद रोखण्यासाठी नवा कडक कायदा येणार होता. असा कायदा नको, असलेले कायदे नीट वापरा, असं लेखी मत वर्मांच्या आयोगानं दिलं. आधीच्या 'टाडा' या दहशतवादविरोधी कायद्याचा अनुभव ताजा होता. तरीही 'पोटा' हा नवा कायदा आला, आणि २००४मध्ये रद्दही झाला.

एकोणतीस दिवस

निवृत्तीनंतरही काम सुटलं नाही. महाराष्ट्रातल्या जवळजवळ तीनशे डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा शिक्षक-शिक्षणाची देशभराची अवस्था तपासायला नेमलेल्या आयोगाचे प्रमुखही वर्माच. बी.एड. दोन वर्षांचं झालं त्यामागे त्या अहवालाचाही हात आहे.

डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाला आणि देश रस्त्यावर आला. सरकारनं २३ डिसेंबरला वर्मा, न्या. लीला सेठ आणि ज्येष्ठ वकील गोपाल सुब्रमण्यम यांची समिती नेमली. ऐंशी हजारांच्या आसपास सूचना आल्या. तरुण वकील आणि कायद्याचे विद्यार्थी रात्रंदिवस बसले. २९ दिवसांत सहाशेहून अधिक पानांचा अहवाल तयार झाला. जानेवारी २०१३मध्ये तो सादर झाला, त्याच महिन्यात वर्मांना ऐंशी पूर्ण झाली होती.

या अहवालाचं मोल समजायचं तर मागे जावं लागतं, आणि ती वाट महाराष्ट्रातूनच जाते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं सोडलं, तिच्या अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती असावी, असं मानून. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३मध्ये कायदा बदलला. त्यानंतर तीस वर्षांनी वर्मा समितीनं म्हटलं: विरोध केला नाही म्हणजे होकार नव्हे. पाठलाग, चोरून पाहणं, ॲसिड फेकणं हे वेगळे गुन्हे करा. बलात्काराची तक्रार नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला शिक्षा करा. पीडितेची अपमानास्पद 'दोन बोटांची' तपासणी बंद करा. हे बरंच काही २०१३च्या दुरुस्तीत आलं.

जे आलं नाही तेही सांगायला हवं. लग्नाच्या नात्यातल्या बलात्काराला दिलेली सूट काढा, असं समितीनं स्पष्ट सांगितलं होतं. ती सूट जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. अशांत भागात लष्करी जवानांवर लैंगिक गुन्ह्यासाठी खटला भरायला सरकारची परवानगी लागू नये, हेही मानलं गेलं नाही. आणि फाशी. रस्त्यावर सगळीकडे फाशीची मागणी होती, तरी वर्मा समितीनं बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती नक्की होईल का, तपास नीट होईल का, याकडे तिचा रोख होता. २०२१ साली महाराष्ट्र विधिमंडळानं मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात फाशी होती. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही. त्या वेळच्या चर्चेत वर्मा अहवालाचा हा भाग कुणी उलगडून सांगितला असता, तर बरं झालं असतं.

अहवाल दिल्यानंतर तीन महिन्यांनी, २२ एप्रिल २०१३ रोजी, वर्मा गेले. २०१४ साली सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर केलं. कुटुंबानं ते नम्रपणे नाकारलं, त्यांनी स्वतः ते स्वीकारलं नसतं असं सांगून.

२२ एप्रिल २०१३ ही तारीख आणखी एका कागदावर आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही त्याच दिवशी झाली. विशाखाची तात्पुरती तत्त्वं त्यानं कायम झाली. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून लहान जागांसाठी आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती, घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी. कायद्यानुसार तिचं नाव आता 'अंतर्गत समिती' आहे. माझ्या बहिणीच्या शाळेत मात्र अजून 'विशाखा समिती' हीच पाटी आहे. मागच्या दिवाळीत मी तिला भंवरीदेवीची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, मग त्या बाईच्या स्वतःच्या केसचं काय झालं? मी सांगितलं की १९९५च्या सुटकेविरुद्धचं अपील राजस्थान उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पडून राहिलं, आणि त्या काळात काही आरोपी मरूनही गेले.